मलबार हिल पायी कसं करायचं: चौपाटीवरून चढा आणि बाणगंगेला उतरा

मलबार हिल बघायला येणारे बहुतेक लोक काय करतात तर टॅक्सीनं थेट वर जातात, हँगिंग गार्डनमधे एक चक्कर मारतात, कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटासमोर, म्हणजे बुटाच्या आकाराच्या त्या घरासमोर, फोटो, रेलिंगला टेकून खालची मरीन ड्राइव्ह बघितली की परत टॅक्सी. पाऊण तासात सगळं उरकतं. आणि मग घरी जाऊन सांगतात, काही विशेष नाही हो, एक बाग आहे. बाग आहेच, पण टेकडी कुठे बघितलीत तुम्ही? टेकडी बघायची तर ती चढावी लागते आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या बाजूनं उतरावी लागते, कारण खरा माल त्या दुसऱ्या बाजूला खाली आहे.

मी गिरगावातली, आता लग्नानंतर डोंबिवलीकर, पण वर्षातून दोन-तीनदा तरी ही टेकडी करतेच, कधी एकटी, कधी सांगलीची आत्या आली की तिला घेऊन, कधी भाच्याला. त्यामुळे कुठून चढायचं, कुठे वेळ घालवायचा, कुठे नाही, हे आता पाठ झालंय. टेकडी म्हणजे काही राजगड नाही, उंची साधारण ५० मीटर. सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर चालणं होतं. सकाळी साडेसहाला सुरू केलं तर दहा-साडेदहापर्यंत आरामात होतं, मधे बसत उठत.

आधी तयारी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. ऑक्टोबरात जाऊ नका, घामानं जीव जातो. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार दिसते हे खरं, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि धो धो पाऊस असेल तर उतारावरच्या रस्त्यांनी जायचं टाळा. ऑगस्ट २०२० मधे एका रात्रीत इथली दरड खाली पाटकर मार्गावर आली होती, वरचा बी. जी. खेर मार्ग कितीतरी महिने बंद होता. पायात लेसवाले शूज नकोत, वाटेत देवळं आहेत, दर वेळी लेस सोडा आणि बांधा, वैताग येतो. मागे पट्टा असलेली सँडल घाला. पाण्याची बाटली, टोपी, सुट्टे पैसे. चामड्याचा पट्टा किंवा पर्स शक्यतो नको, जैन मंदिरात जायचंय.

लोकलनं आलात तर चर्नी रोडला उतरा, मेट्रो ३ नं आलात तर गिरगाव स्टेशन. तिथून समुद्र उजवीकडे ठेवायचा की डावीकडे हा प्रश्न लोकांना का पडतो मला कळत नाही, पण पडतो, तर सांगते: समुद्र डाव्या हाताला ठेवून चौपाटीवरून सरळ चालत सुटा. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा लागेल. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले तेव्हा त्यांचं दहन इथेच, या वाळूत झालं, स्मशानात नाही. गणपती विसर्जनाला हजार वेळा आलेल्या माणसालाही हे माहीत नसतं. दोन मिनिटं थांबा आणि पुढे चला. सकाळी भेळवाले नसतात, ते एका अर्थी बरंच.

चौपाटी संपते तिथे वाळकेश्वर रोड चढायला लागतो आणि त्याच भागात सिरी रोड सुटतो. हा नीट शोधा, नाहीतर लोक गाड्यांच्या रस्त्यानं फुफ्फुसं भरून धूर घेत वर जातात. सिरी म्हणजे शिडी असं जुने लोक सांगतात, वाळकेश्वराच्या दर्शनाला जाणारे लोक पूर्वी ही चढण चढून जायचे. आता पायऱ्या आहेत, वळणं आहेत, दोन्ही बाजूंना झाडी. विचारताना "सिरी रोड कुठे" विचारलं तर कधी कधी लोक तोंडाकडे बघतात, "वर बुटाकडे जायच्या पायऱ्या कुठे" विचारा, लगेच हात करून दाखवतील.

चढताना एक गंमत लक्षात ठेवा. तुम्ही धापा टाकत वर चढताय तेव्हा तुमच्या पायाखालून गाड्या जातायत. कोस्टल रोडचे जुळे बोगदे या टेकडीच्या पोटातून गेलेत, गिरगाव चौपाटीपासून पलीकडे प्रियदर्शिनी पार्कपर्यंत, दोन किलोमीटरच्या थोडे वर. ते खणणाऱ्या मशीनचं नाव होतं मावळा. पहिला बोगदा जानेवारी २०२२ मधे आरपार झाला आणि मार्च २०२४ पासून गाड्या सुरू झाल्या. भाच्याला हे सांगितलं तर तो पायरीला कान लावून बसला, म्हणाला मावशी काही ऐकू येत नाही. नाहीच येणार, बोगदा खूप खोल आहे.

वर पोचलात की आधी नेचर ट्रेल, आणि इथे माझा अनुभव ऐका. ही लाकडी पुलासारखी वाट मार्च २०२५ मधे सुरू झाली, ४८५ मीटर लांब, झाडांच्या मधून, जमिनीपासून उंचावर, आणि एका ठिकाणी पायाखाली काच आहे तिथून चौपाटी दिसते. सुरू झाली तेव्हा भारतीयांना तिकीट २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १००. तिकीट ऑनलाइन, तेही तासातासाच्या स्लॉटचं. तर आत्याला घेऊन मी मोठ्या थाटात गेले, गेटवर तिकीट दाखवलं, तर तारीख दुसऱ्या दिवशीची! बुकिंग करताना मीच रविवारच्या ऐवजी सोमवार दाबला होता. आत्या म्हणाली, "अगं चष्मा लाव आता, चाळिशी आली तुला." म्हणून सांगते, घरूनच बुक करा, तारीख दोनदा बघा, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. सकाळचा पहिला-दुसरा स्लॉट मिळाला तर घ्या, पक्ष्यांचा आवाज तेव्हाच. दुपारी फक्त रील काढणारे असतात.

काचेवर उभं राहायला घाबरणारे असतील घरात तर त्यांना हसू नका, माझे मिस्टर कडेच्या पट्टीवरून भिंतीला धरल्यासारखे गेले होते.

या ट्रेलच्या बाजूची गर्द झाडी पुढे डुंगरवाडीच्या जंगलाला जाऊन भिडते. डुंगरवाडी म्हणजे पारशी लोकांची दखमा असलेली जागा, दखमा म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात तो मनोरा, तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही आणि डोकवायचा प्रयत्नही करू नका, शोकाची जागा आहे ती. पण दक्षिण मुंबईच्या या ऐन महागड्या टेकडीवर एवढी झाडी टिकली, मोर टिकले, ते त्या जागेमुळे. गिधाडं मात्र गेली. गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधामुळे, मेलेल्या गुरांचं मांस खाऊन देशभरातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. २००६ मधे गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. मोराची केका मात्र सकाळी ऐकू येते कधी कधी, कान उघडे ठेवा, इअरफोन काढा.

आता कमला नेहरू पार्क. म्हातारीचा बूट. ह्याबद्दल काय सांगायचं, मुंबईत लहानपण गेलेल्या प्रत्येकाचा इथे एक फोटो आहे, माझा आहे, फ्रॉकमधे, रडताना. १९५२ पासूनचं पार्क. बुटावर चढायला मुलांनाच सोडतात, मोठ्यांनी खालून हात हलवायचा. मुलं नसतील बरोबर तर इथे दहा मिनिटांच्या वर थांबू नका, सरळ कठड्याकडे जा. तिथून गिरगाव चौपाटीपासून पार नरिमन पॉइंटपर्यंत सगळी कमान दिसते. रात्री याचाच राणीचा कंठहार होतो. २०१५ मधे ते जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढी बोंब झाली होती, हार सोन्याचा होता तो चांदीचा केला म्हणून, शेवटी परत पिवळसर उजेड आणावा लागला. दिवेच बघायचे असतील तर वेगळ्या दिवशी संध्याकाळी या, एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, बाणगंगा सकाळचीच.

रस्ता ओलांडला की समोर हँगिंग गार्डन. नाव फिरोजशाह मेहता उद्यान पण ते फक्त पाटीवर. बाहेरगावचे पाहुणे इथे येऊन विचारतात, हँगिंग कुठाय? लटकत काहीच नाही हो. बाग आहे ती पाण्याच्या टाकीवर. खाली ब्रिटिशांच्या काळातला मोठा जलाशय आहे, दक्षिण मुंबईतल्या घरांना नळाला येणारं पाणी इथून जातं, आणि त्याच्या छतावर १८८१ मधे ही बाग केली. म्हणजे तुम्ही हिरवळीवर बसून चकली खाताय आणि खाली गिरगावच्या चाळींचं सकाळचं पाणी. आमच्या आजीच्या चाळीत पाणी गेलं की बायका म्हणायच्या, वर टेकडीवर कोणीतरी झोपला वाटतं. मधे हा जलाशय पाडून नवीन बांधायचा घाट घातला होता, शेकडो झाडं जाणार होती, आजूबाजूच्या लोकांनी आणि झाडंप्रेमींनी जोरात विरोध केला.

बागेत झुडपं कापून केलेले प्राणी आहेत, मुलांना ते आवडतात. टॉयलेट इथेच उरकून घ्या, पुढे शोधाशोध होते. आणि घरून आणलेलं थोडं खाऊन घ्या, पण कागद-पिशव्या परत बॅगेत. पश्चिमेच्या बाजूला कठड्याशी गेलात तर अरबी समुद्राची दुसरी बाजू, तिकडे सूर्य मावळतो. हे लोकांच्या लक्षात येत नाही की या टेकडीला दोन समुद्र आहेत, चौपाटीकडचा शांत, अर्धगोल, आणि नेपियन सी रोडकडचा उघडा, पावसाळ्यात खडकांवर आपटणारा.

आता इथून टॅक्सी करून परत जायचा मोह होतो, ऊन चढलेलं असतं. जाऊ नका. अर्धीच टेकडी झालीय आणि पुढचा सगळा उतार आहे.

बी. जी. खेर मार्गानं दक्षिणेकडे चालायला लागा. जुनं नाव रिज रोड, म्हणजे टेकडीच्या कण्यावरूनच हा रस्ता जातो. बाळ गंगाधर खेर हे मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री. दोन्ही बाजूंना टॉवर, बंगले, गेटवर वॉचमन, आणि कुत्र्यांना फिरवणारे नोकर. इथली घरं बघून उगाच हिशोब करत बसू नका, डोकं दुखतं. कुठल्याही बंगल्याचे, विशेषतः सरकारी बंगल्यांचे फोटो काढायला जाऊ नका, मुख्यमंत्र्यांचं वर्षा निवासस्थान याच टेकडीवर आहे आणि बंदोबस्तातले पोलीस हटकतात. जिना हाउस पण याच टेकडीवर, १९३६ मधे बांधलेलं, पण ते आत जाऊन बघता येत नाही तेव्हा त्यासाठी पायपीट करू नका.

रस्त्यात बाबू अमीचंद पन्नालाल यांचं जैन मंदिर लागेल, दारात दोन दगडी हत्ती, त्यावरून ओळखा. आत छताला रंगीत चित्रं आहेत, मान मोडेपर्यंत वर बघावी अशी. पाय धुवून, शांतपणे, गुडघे झाकलेले कपडे, फोटो विचारल्याशिवाय नाही. सकाळी पूजेची गर्दी असते, पांढरी-केशरी वस्त्रं नेसलेली माणसं घाईनं जात येत असतात, त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही एवढं पाळलं की कोणी काही म्हणत नाही. पंधरा मिनिटं पुरे.

मग तीन बत्ती. इथे रस्ते फुटतात. सरळ पुढे टोकाला राजभवन, आता नाव लोकभवन, ते समुद्राच्या टोकावर आहे. तिथे असं उठून जाता येत नाही, आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, ओळखपत्र लागतं. २०१६ मधे तिथे जमिनीखाली इंग्रजांच्या काळातलं १५० मीटर लांबीचं बंकर सापडलं, तेरा खोल्यांचं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं, आता तिथे म्युझियम केलंय. ज्यांना त्याची हौस आहे त्यांनी त्याचा वेगळा दिवस ठेवावा.

आपल्याला राजभवनाच्या आधी उजवीकडे उतरायचंय. वाळकेश्वर रोडवरून बाणगंगेच्या गल्ल्या सुटतात, पाटी दिसेल, नाहीतर फुलवाल्याला विचारा. आणि इथे एकदम शहर बदलतं. आत्ता आत्ता तीस मजली टॉवर होते आणि शंभर पावलं खाली उतरलात की कोकणातल्या एखाद्या गावात आल्यासारखं, बैठी घरं, तुळशीवृंदावन, मठ, ओटे, दीपमाळा, आणि मधे पाण्यानं भरलेलं आयताकृती तळं, चारी बाजूंनी पायऱ्या.

बाणगंगेला निदान एक तास द्या. टेकडीवरच्या सगळ्या ठिकाणांना मिळून जेवढा दिलात तेवढा या एकाला द्या, मी तर म्हणेन बाकी सगळं कापा पण हे नको.

गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे, सीतेच्या शोधात राम इथे आले, तहान लागली, बाण मारला आणि पाणी आलं. वाळूचं लिंग केलं म्हणून वालुकेश्वर, त्याचं वाळकेश्वर. इतिहासातलं सांगायचं तर ११२७ मधे शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्यानं तलाव बांधला असं मानतात. जुनं देऊळ पोर्तुगिजांच्या काळात गेलं. मग १७१५ मधे रामा कामती या गौड सारस्वत व्यापाऱ्यानं देऊळ आणि तलाव परत उभा केला. गंमत म्हणजे पुढे पाचच वर्षांत याच कामतीवर, हा आंग्र्यांना सामील आहे असा आळ घेऊन कंपनी सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं. देऊळ बांधणारा माणूस आत आणि देऊळ बाहेर. आजही तलावाची व्यवस्था गौड सारस्वतांच्या ट्रस्टकडे आहे, काठावर कवळे मठ आहे, काशी मठाचं ठिकाण आहे, बालाजीचं देऊळ आहे, आणि जरा बाजूला गोसाव्यांच्या समाध्या.

उतरल्यावर आधी पाण्याशी जाऊन बसा. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, खारा वारा नाकात येतो, आणि तरी तळ्यातलं पाणी गोडं, जमिनीखालच्या झऱ्याचं. मागच्या डिसेंबरात आम्ही खालून चौथ्या पायरीवर बसलो होतो, पलीकडे एक गुरुजी एकट्या माणसाकडून तर्पण करून घेत होते, तो माणूस ऑफिसच्या कपड्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात दर्भ आणि बाजूला पायरीवर लॅपटॉपची बॅग. गुरुजी म्हणाले "वडिलांचं नाव घ्या," तर त्यानं घेतलं आणि मग जरा वेळ पुढचं काही त्याला म्हणताच येईना, गुरुजी पण गप्प बसले. तेवढ्यात बदकांची पलटण आली, ही इथली दादा मंडळी, मान पुढे काढून फुस्स करत आत्याच्या पिशवीवर धावली. आत्या पिशवी डोक्यावर धरून उभी. तो माणूस हसला, आणि मग तर्पण पुढे सुरू झालं. तर बदकांपासून खायच्या पिशव्या लांब ठेवा, आणि त्यांना पाव-बिस्किटं टाकू नका. पाण्यात तर काहीच टाकू नका. सर्वपित्रीनंतर पिठाचे गोळे आणि निर्माल्य कुजून इथले मासे मरून वर येतात, ते ज्यानं बघितलंय तो परत चिमूटभर तांदूळ पण टाकणार नाही.

पायऱ्यांवर काही ठिकाणी नवं-जुनं दगडकाम वेगळं दिसेल. २०२४ च्या जूनमधे गाळ काढताना खोदकामाचं मशीनच पायऱ्यांवरून तलावात उतरवलं आणि पायऱ्यांचे दगड फुटले, प्रकरण पोलिसात गेलं. नऊशे वर्षं टिकलेल्या जागेत! असो.

मग तलावाला पूर्ण प्रदक्षिणा घाला, घाई न करता. वाळकेश्वराच्या देवळात जाऊन या. मागच्या गल्लीतून समुद्राकडे उतरलं की वाळत घातलेले कपडे, झोपड्या, क्रिकेट खेळणारी पोरं, खडक, आणि बाजूला बाणगंगा स्मशान. लोकांच्या घरांसमोरून जाताना मोबाइल खिशात ठेवा, उगाच कोणाच्या दारात रील नको. भरतीच्या वेळी खडकांवर जायचं नाही, हे सांगायला नको पण सांगते, दर पावसाळ्यात बातम्या येतात.

गर्दीचं म्हणाल तर पितृपक्षात आणि विशेषतः सर्वपित्री अमावास्येला जाऊ नका, काम असेल तरच जा. उलट कार्तिक पौर्णिमेला संध्याकाळी जरूर जा, पायऱ्यांवर दिवे लागतात, पण त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, लहान मुलांना कडेवर घ्या आणि सिंथेटिक ओढणी-साडी नको.

बरोबर म्हातारी माणसं असतील तर सिरी रोड सोडा, टॅक्सीनं हँगिंग गार्डनला उतरवा, तिथून तीन बत्तीपर्यंत उतारानं चालवा किंवा परत टॅक्सी, बाणगंगेच्या गल्लीत गाडी बरीच आत जाते, शेवटच्या थोड्या पायऱ्या हात धरून. बाबुलनाथाचं दर्शन करायचं असेल तर ते टेकडीच्या चौपाटीकडच्या अंगाला आहे, तिथे लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांची सोय होते. आमची आत्या मात्र लिफ्टला तयार नव्हती, म्हणाली देवाकडे बसून काय जायचं.

परत येताना दोन पर्याय. वाळकेश्वरहून बेस्टची बस घ्या, नंबर बदलत असतात म्हणून स्टॉपवर बघा किंवा कंडक्टरला "चौपाटी जाणार का" विचारा. नाहीतर तीन बत्तीवरून वाळकेश्वर रोडनं चालत खाली या, उजव्या हाताला झाडांमधून समुद्र दिसत राहतो, वीस-पंचवीस मिनिटांत चौपाटी. अंगात दम उरलाच असेल तर गावदेवीतलं मणिभवन जवळ आहे, १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे, प्रवेश फुकट, वरच्या मजल्यावर त्यांची खोली आणि चरखा आहे.

माझ्या अंगात तोपर्यंत दम नसतो. मी सरळ ठाकूरद्वारला जाते, विनय हेल्थ होममधे मिसळ आणि वर पियुष. रविवारी अकराच्या आत पोचा, नंतर बाहेर उभं राहावं लागतं, आणि पाय आधीच बोलत असतात.